भाड्याने द्यायचं एकच घर

उत्साही : सिंहगड रोडवरचा फ्लॅट भाड्याने द्यायचं मी ठरवलंय, काका. महिनाभर कायदा वाचला, चार ठिकाणी विचारपूस केली, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हे काम पुष्कळ सोपं निघालं. लीव्ह अँड लायसन्सचा करार करायचा, तो नोंदवायचा, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची, सोसायटीला आगाऊ कळवून कागदांच्या प्रती द्यायच्या. नोंदणीसाठी कचेरीत रांग लावायची गरज राहिलेली नाही. आधार आणि अंगठ्याचा ठसा यांवर घरबसल्या होते. १८ हजार भाडं आणि ११ महिन्यांचा करार धरला तर मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. एवढ्या खर्चात कायद्याचं संरक्षण मिळतं. तरी आपल्याच इमारतीत मजल्यागणिक एखादं घर कुलूपबंद दिसतं. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली होती. एकीकडे माणसं शहरात डोकं टेकायला जागा शोधतायत आणि दुसरीकडे एवढी घरं बंद. ‘भाडेकरू घर बळकावतो’ ही भीती मागच्या पिढीची आहे. तिच्यापायी मी माझं घर बंद ठेवणार नाही.

साशंक : भीती मागच्या पिढीची आहे हे खरं, पण ती हवेतून आलेली नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने कित्येक जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जेवढं होतं तेवढ्यावर बांधून ठेवलं. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत माणसांना रस्त्यावर येण्यापासून वाचवायला तो कायदा हवाच होता. टंचाईतली तरतूद पुढे अर्धशतक टिकली, हा त्रास. मालकाच्या हातात येणारं भाडं जिन्याचा बल्ब बदलायला पुरेना, मग दुरुस्ती थांबली, वाडे खचले. यातून सुटायला मालकांनी ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून परवान्यावर जागा द्यायला सुरुवात केली. तेव्हा १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेले लोक संरक्षित भाडेकरू ठरले. करार एका कायद्याखाली झाला आणि निकाल दुसऱ्याखाली लागला. गोठवलेलं भाडं आता अवाजवी आणि मनमानी झालंय, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटलं. त्यानंतर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. अकरा महिन्यांची सवय आपल्या हाडात भिनली ती या सगळ्यातून. ज्यांनी ते पाहिलं त्यांना भित्रं म्हणू नकोस.

पण माझा आक्षेप भीतीपाशी थांबत नाही. तू हिशेब केलास का? आजच्या बाजारात तुझ्या फ्लॅटची किंमत ६० लाख धर. वर्षात एक महिना घर रिकामं राहतं असं मान; भाड्याचे आले १ लाख ९८ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,००० आणि वर बिनभोगवटा शुल्क, जे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येतं, म्हणजे २००. वर्षाचे झाले २६,४००. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर जाते. कर १४-१५ हजार धर. रंग, नळ, गिझर, मोटर यांसाठी सरासरी १० हजार आणि कराराचा खर्च ३ हजार. उरले साधारण १ लाख ४४ हजार. साठ लाखांवर अडीच टक्केसुद्धा नाहीत, आणि यात दलाली धरलेली नाही. बँकेतली ठेव याहून जास्त देते आणि रात्री नऊला फोन करून गिझरमधून पाणी गळतंय असं सांगत नाही.

उत्साही : हिशेब मान्य आहे. पण साठ लाख रोख माझ्या हातात असते आणि त्यांचं काय करू असा प्रश्न असता, तर तुमचं उत्तर बरोबर ठरलं असतं. घर आहेच. बाबांनी घेतलेलं आहे, आई असेपर्यंत विकायचं नाही असं आम्हा भावंडांत ठरलंय. मग तुलना ठेवीशी कशाला? ती बंद घराशी व्हायला हवी. बंद घराचाही मेंटेनन्स द्यावा लागतो, मिळकतकर द्यावा लागतो, विजेचा स्थिर आकार भरावा लागतो. शिवाय बंद घर सडतं. न्हाणीघराच्या जाळीखालचं पाणी वाळलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि ती कुणी पाहत नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागते. आमच्या घरात दोन पावसाळ्यांत हे सगळं झालं. राहतं माणूस असतं तर पहिल्या आठवड्यात फोन आला असता. तुम्हाला तो फोन कटकट वाटतो. मला ती घरावरची नजर वाटते.

आयकराचंही सांगते. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या असोत वा नसोत. तुमच्याच आकड्यांनी ती ५५ हजारांच्या घरात जाते, तर मेंटेनन्स, दुरुस्ती आणि करार मिळून खर्च झाला ३९ हजार ४००. माझ्यावर कर्ज नाही. ज्यांनी नव्या कररचनेत राहून कर्जावर घर घेतलंय आणि व्याजामुळे तोटा दाखवून पगारावरचा कर वाचवू असं धरलंय, त्यांनी मात्र आधी नियम वाचावा. तिथे तो तोटा पगारातून वळता करता येत नाही. नवे मालक चुकतात ते बहुधा आलेलं भाडं सगळं खर्चून टाकण्यात. मी वेगळं खातं उघडलंय. डिपॉझिट त्यात राहील आणि दर महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा दुरुस्ती नि रिकाम्या महिन्यांसाठी तिथेच पडून राहील.

साशंक : खातं उघडलंस हे उत्तम केलंस. मी सोसायटीचा सचिव होतो तेव्हा डिपॉझिट परत द्यायच्या वेळी पैसेच नसलेले मालक मी पाहिलेत, आणि मग भिंतीवरचा खिळा मोजून वजावट सुरू व्हायची. पण ‘सरासरी दहा हजार’, ‘वर्षात एक महिना रिकामा’ असे शब्द मी वापरले आणि तू ते लगेच स्वीकारलेस. तिथेच मला अडकायचं आहे. शंभर घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीला सरासरी असते. त्यातली पाच रिकामी राहिली, दोघांनी भाडं थकवलं, एकाने भांडण काढलं, तरी ब्याण्णव-त्र्याण्णव घरांचा पैसा चालू असतो आणि भांडायला वकील पगारावर असतो. तुझं घर एक. ते भरलेलं असेल किंवा रिकामं असेल. भाडेकरू चांगला निघेल किंवा वाईट निघेल. मधलं काही तुझ्या वाट्याला यायचं नाही.

वाईट निघाला तर काय, तेही बघ. करार संपल्यावर तो गेला नाही तर १९९९च्या कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची सोय आहे. बचाव मांडायलाही त्याला तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळाचं भाडं दुपटीने भरपाई म्हणून मिळू शकतं. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा हे फार बरं, यात वाद नाही. मात्र अर्ज, नोटीस, तारीख, हुकूम, हुकमाची अंमलबजावणी, मग पुनरीक्षणाची धमकी, हे सगळं तू नोकरी सांभाळून करायचं. तोवर भाडं बंद आणि मेंटेनन्स चालू. चिडून वीज-पाणी तोडलंस तर कायदा तुझ्या बाजूने राहणार नाही. दुप्पट भरपाईचा हुकूम मिळाला तरी ज्याने साधं भाडं दिलं नाही त्याच्याकडून दुप्पट वसूल कशी करशील?

उत्साही : म्हणून तर पहिल्यापासून नीट करायचं. करार तोंडी ठेवला किंवा नुसत्या नोटरीवर भागवला तर तुम्ही म्हणता तो मार्ग आणखी खडतर होतो. करार लेखी आणि नोंदणीकृत ठेवायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी हजार-दीड हजार वाचवायला नोंदणी टाळणारे सुशिक्षित मालक मला महिनाभरात भेटले. आणि दुसरी गोष्ट निवडीची. एकच घर आहे म्हणूनच निवड नीट करायची. नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाशी दोन मिनिटं बोलणं, पोलिसांकडे माहिती. शंभर घरांच्या कंपनीला भाडेकरूचा चेहरा माहीत नसतो. मी समोर बसून बोलू शकते. हा छोट्या मालकाचा फायदा आहे.

साशंक : समोर बसून बोलशील आणि काय बघशील? मी बारा गावचे मालक पाहिलेत. दलालाला पहिलं वाक्य सांगतात ते ‘फॅमिलीच हवी’. दुसरं ‘बॅचलर नकोत’, त्यातही मुली चालतील, मुलगे नकोत. काहींना मुलीच नकोत. तिसरं ‘व्हेजच’. चौथं वाक्य बोलतच नाहीत. आडनाव ऐकतात आणि ‘घर कालच गेलं’ असं फोनवर कळवतात. या मालकांत सगळेच मनाने वाईट नव्हते. पुष्कळसे तुझ्यासारखे होते, एका घराचे मालक, ज्यांना सरासरीचा आधार नव्हता. धोका मोजायला साधन नसलं की माणूस खुणांवर विसंबतो. आडनाव, जेवण, लग्न झालंय की नाही, या त्या खुणा. आणि त्या खोट्या आहेत. माझ्या सचिवपदाच्या काळात सगळ्यात लांबलेलं थकबाकीचं प्रकरण एका सुप्रतिष्ठित कुटुंबाचं होतं. सगळ्यात नीटनेटकं घर सोडून गेली ती परभणीकडून शिकायला आलेली तीन पोरं. जाताना नळाचा वॉशरसुद्धा बदलून गेली. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये. पण उलटा नियमही कुणी पुराव्यावर बांधलेला नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

कायदा इथे तुला अडवणार नाही, हे लक्षात ठेव. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदातली भेदभावाची बंदी मुख्यतः राज्याला आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवलं होतं. ते २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. ते प्रकरण सभासदत्वाचं होतं, भाड्याचं नव्हतं. पण खासगी घराच्या दारात कायदा कितपत येतो याचा अंदाज त्यावरून येतो. तू कुणाला का नाकारलंस हे तुला कुणी विचारणार नाही. म्हणून ‘नीट निवड’ हे शब्द मला तुझ्या तोंडून इतक्या सहज ऐकवत नाहीत.

उत्साही : ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. कारण पुण्यात आले तेव्हा ‘एकटी मुलगी’ म्हणून मला घरं नाकारली गेलीत, आणि आज त्याच शहरात मी मालक म्हणून बोलतेय. मग मी असं करते, धोक्याचे दोन भाग पाडते. पहिल्यात ज्याचं नुकसान पैशात मोजता येतं आणि डिपॉझिटमधून भरता येतं ते: थकलेलं भाडं, फुटलेलं बेसिन, न भरलेलं वीजबिल. दुसऱ्यात नुकसान झालंच नसताना मला किंवा शेजाऱ्यांना वाटणारी अस्वस्थता: रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या मुली, खिडकीतून येणारा सुक्या बोंबलाचा वास, दारावरच्या पाटीवरचं नाव. पहिल्या भागाबद्दल हवं तेवढं विचारायचा मला अधिकार आहे. दुसऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. भाडं परवडेल का, किती माणसं राहणार, किती दिवसांसाठी हवंय, पार्किंग लागेल का, एवढंच विचारायचं. सोसायटीच्या सभेत कुणी ‘आपल्या इथे बॅचलर नकोत’ असा ठराव आणला तर मी उभी राहून विरोध करीन.

आणि पहिल्या भागाचाही गैरवापर होतो, तो डिपॉझिटमध्ये. ते भाडेकरूचे पैसे आहेत, माझं उत्पन्न नाही. राहत्या घराची झीज होणारच. भिंत मळते, नळाची चकाकी जाते. त्या झिजेचे पैसे भाड्यात आलेले असतात. फुटलं-तुटलं ते वेगळं. घर देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, मीटरचं रीडिंग लिहायचं, पंखे-दिवे-गिझर-चाव्या यांची यादी कराराला जोडायची. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असं म्हटलंय. मी तेवढंच घेणार. ३६ हजार.

साशंक : डिपॉझिट कमी घेतलंस की तुझ्या पहिल्या भागातलं संरक्षण घटतं, हे तुला दिसतंच असेल. चाळणी सैल, तारण कमी आणि घर एक. हे धाडस तू विचार करून करतेयस म्हणून त्याला नावं ठेवत नाही. पण आणखी एक गाठ आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये कायद्याच्या नजरेत घरावर त्याचा हक्क निर्माण होत नाही. तो फक्त तुझ्या परवानगीने वापर करतो. छापील मसुद्यांत म्हणूनच लिहिलेलं असतं, मालक केव्हाही पाहणी करू शकेल, दुसरी किल्ली मालकाकडे राहील. कागद तुझ्या बाजूचा आहे. त्या कागदाप्रमाणे वागलीस तर? तो माणूस तिथे पोळी लाटतो, त्याचं आजारी मूल तिथे झोपतं, त्याच्या बायकोचे कपडे दोरीवर वाळत असतात, आणि तू किल्ली फिरवून आत येशील. एका मालकीणबाईंना मी हे करताना पाहिलंय. त्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. ‘माझंच घर आहे’ असं म्हणायच्या, आणि कागदावर त्या बरोबर होत्या. मालकी शिकायची म्हणजे पहिल्यांदा यातून सुटायचं, आणि ते कोणत्याही करारात लिहिलेलं नसतं.

उत्साही : लिहिता येतं. आदर्श कायद्यात मालकाने चोवीस तास आधी कळवल्याशिवाय आत यायचं नाही अशी तरतूद आहे. ती माझ्या करारात घालायला मला कुणी अडवलेलं नाही. दुसरी किल्ली मी ठेवणारच नाही. बंद पाकिटात सोसायटीच्या कार्यालयात ठेवू, दोघांच्या सह्यांनी. पाईप फुटला तर उघडायची. दुरुस्तीचंही तसंच. भिंतीतली नळजोडणी, गळती, वायरिंग, गिझर हे माझं. बल्ब, तुंबलेलं सिंक, त्यांच्या वापराने बिघडलेलं ते त्यांचं. ओळखीच्या प्लंबर नि इलेक्ट्रिशियनचे नंबर आधीच देऊन ठेवायचे, आणि ठरावीक रकमेपर्यंतचं काम मला न विचारता करून भाड्यातून वळतं करायची मुभा द्यायची. म्हणजे रात्री नऊचा फोन आला तरी तो फक्त कळवण्यापुरता.

आता तुमच्या सरासरीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एकच घर असलेल्या मालकाला सरासरी नसते. बरोबर. पण भाडेकरूला असते का? त्याचंही घर एकच. मी कित्येक वर्षं भाड्याने राहिलेय. अकरा महिने संपत आले की पोटात गोळा यायचा. मालक भाडं वाढवतील की ‘मुलाचं लग्न आहे’ म्हणतील? गॅसचं कनेक्शन, बँकेतला पत्ता, मुलाची शाळा. आपल्याकडे शाळा जूनला सुरू होते आणि करार कुठल्याही महिन्यात संपतो. फेब्रुवारीत घर सोडायला लागलं तर पोराला तीन महिने शहराच्या दुसऱ्या टोकाहून रिक्षाने शाळेत धाडायचं. ज्या भीतीचा इतिहास तुम्ही सांगितलात त्या भीतीने मालकाला अकरा महिने शिकवले, पण त्याची किंमत भाडेकरू मोजतो. म्हणून मी तीन वर्षांचा करार करणार आहे. साठ महिन्यांपर्यंतचा परवाना रूढ आहे, छत्तीस त्यात बसतात. मुद्रांक शुल्क साडेसोळाशेच्या आसपास.

साशंक : तीन वर्षं म्हणजे भाडं बाजारामागे राहणार.

उत्साही : बघू या. १८ हजारांत काहीच वाढ केली नाही आणि बाजार दर वर्षी पाच टक्क्यांनी चढला, तर दुसऱ्या वर्षी मी १०,८०० गमावते, तिसऱ्या वर्षी २२,१४०. तीन वर्षांत तेहतीस हजार. उलट एकदा जरी भाडेकरू बदलला तरी महिनाभर घर रिकामं म्हणून १८ हजार, दलाली एका महिन्याची म्हणून १८ हजार, रंग नि किरकोळ कामं वीस हजार. छप्पन्न हजार झाले. म्हणजे वाढ न करता माणूस टिकवणं मला स्वस्त पडतं. आणि पाच टक्के वाढ करारातच लिहिली तर तोही तोटा नाही. दर अकरा महिन्यांनी भाडेकरू हलवत ठेवणारे मालक सुरक्षितता विकत घेतोय असं समजतात, आणि तिची किंमत कधी लिहून काढत नाहीत.

साशंक : हा हिशेब मी कधी केला नव्हता. इतकी वर्षं सोसायटीच्या वहीत अकरा-अकरा महिन्यांची नावं लिहीत आलो, आणि घर रिकामं राहण्याचा खर्च भीतीच्या खात्यावर टाकायचा हे सुचलं नाही. तो मी मान्य करतो.

पण तीन वर्षांत तुझंही आयुष्य बदलेल. तुझ्या आईला जिने चढवेनासे झाले आणि तो तळमजल्याचा फ्लॅट तिच्यासाठी हवा झाला तर? तू कलम घालशील, दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे त्याच्या हातात पडले दोन महिने, तीन वर्षं नव्हेत. लॉक-इन दोघांवर सारखा घातलास तर तू अडकलीस, एकट्यावर घातलास तर तो. स्थैर्य दोघांनाही हवंय आणि घर एकच आहे. एकाला दिलेलं स्थैर्य दुसऱ्याच्या सोयीतून वजा होणार. माझ्या ओळखीत ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचे फ्लॅट बंद असण्याचं खरं कारण हेच. ‘तो कधी परत येईल सांगता येत नाही’ म्हणतात. त्या ‘कधी’साठी घर वर्षानुवर्षं बंद राहतं.

उत्साही : नोटीस सारखी नको. त्यांनी मला एक महिन्याची द्यावी, मी त्यांना सहा महिन्यांची देईन, आणि ती शाळेचं वर्ष संपण्याआधी पुरी होणार नाही अशी. आईला सहा महिने माझ्या घरी ठेवता येईल. त्यांच्या मुलाला सहा महिने ठेवायला दुसरं घर नाही. ज्याच्याकडे पर्याय जास्त त्याने थांबायचं. कायदा तसं म्हणत नसेल, पण मला तेच न्याय्य वाटतं.

साशंक : मग शेवटचं विचारतो. त्याची नोकरी गेली तर? हिंजवडीत, मगरपट्ट्यात हे आता नवल राहिलेलं नाही. माणूस सज्जन, घर नीट ठेवलेलं, मूल चौथीत, आणि पाच तारखेला भाडं आलं नाही. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतो आणि खरं बोलतोय. तुझ्या दोन भागांपैकी हे कुठे बसतं? पैशात मोजता येतं, म्हणजे पहिल्यात. डिपॉझिट दोन महिन्यांचं. पुढे?

उत्साही : याचा विचार केलाय. करारातच लिहीन. नोकरी गेल्याचं पत्र दाखवलं तर दोन महिन्यांपर्यंतचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल, आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत त्यांनी ते भरून द्यायचं. दया म्हणून नाही, अट म्हणून. म्हणजे माझा मूड कसा आहे यावर ते अवलंबून राहणार नाही, आणि त्यांना माझ्यासमोर हात जोडायला लागणार नाहीत.

साशंक : चांगलं आहे. वकील म्हणेल असं लिहू नका, लोक गैरफायदा घेतात. काही जण घेतीलही. मी तिसऱ्या महिन्याचं विचारतोय. डिपॉझिट संपलं, नोकरी नाही, मूल चौथीतच आहे.

उत्साही : तिसऱ्या महिन्यात मला पैसे लागतील. आईची औषधं याच भाड्यातून यायची आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी नोटीस देईन आणि गेले नाहीत तर प्राधिकाऱ्याकडे जाईन. तसं करताना मला वाईट वाटेल, पण मी जाईन.

साशंक : मग हेही आधी सांग. सही करण्यापूर्वी, समोर बसवून. दोन महिने मी थांबेन, तिसऱ्याला थांबणार नाही, आणि का नाही तेही. बहुतेक मालक मधलं काहीतरी गोड बोलतात, ‘आपलंच घर समजा’, आणि तिसऱ्या महिन्यात आवाज बदलतो. त्या बदललेल्या आवाजाने माणूस जेवढा मोडतो तेवढा नोटिशीने मोडत नाही.

उत्साही : आणि हे ऐकून त्यांनी सही केली नाही तर? ‘आपलंच घर समजा’ म्हणणारा मालक त्यांना शेजारच्या इमारतीत मिळेल.

साशंक : मिळेल. तू भाड्याने राहायचीस तेव्हा तुला असं कुणी स्पष्ट सांगितलं असतं, तर तू सही केली असतीस?

उत्साही : तेव्हा पगार चालू होता, म्हणून केली असती. पण ‘तिसऱ्या महिन्याला थांबणार नाही’ हे वाक्य ऐकल्यावर मी त्या घरात पडदे शिवून घेतले असते की नाही, ते मला सांगता येत नाही. रविवारी एक जोडपं घर बघायला येतंय. दोघंही एकाच कंपनीत आहेत, आणि मी काय बोलायचं ते अजून माझं ठरत नाहीये.